ड्रॉमधला सोपा सामना

दिवाळी सरते, भाताची झोडणी आटोपते आणि कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या दोन्ही अंगांना खेळपट्ट्या उगवू लागतात. उल्हासनगरात गोल मैदानासारख्या शहराने वेढलेल्या जागा आहेत, अंबरनाथला कारखान्यांच्या आणि वसाहतींच्या आसपास उरलेली मोकळी मैदानं आहेत, आणि बदलापूरच्या पुढे कापणी झालेल्या खाचरावर रोलर फिरवला की काम झालं. टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा हा मोसम पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. कुणाच्या स्मरणार्थ चषक, कुणाच्या वाढदिवसाचा चषक, आमदाराचा, नगरसेवकाचा, नगरसेवक होऊ घातलेल्याचाही. स्पर्धेआधी लॉट पडतात, ड्रॉच्या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि नावाजलेल्या संघांची चर्चा थेट उपांत्य फेरीवरून सुरू होते. ‘पहिली मॅच सोपीये, दुसऱ्याला ते येतील, मग सेमी.’ अशा वेळी पहिला सामना खेळण्याआधीच जिंकून झालेला असतो.

सोपा संघ कुणाला म्हणायचं, याचे इथले ठोकताळे गमतीशीर आहेत. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून वाढलं. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत. बदलापूरला मूळची आगरी, कुणबी, आदिवासी गावं आणि त्यांच्या भोवती मुंबईत घर न परवडलेल्यांच्या इमारती. त्यामुळे मैदानावर गावाचा संघ असतो, कंपनीचा असतो, कॅम्पातल्या दुकानदारांच्या पोरांचा असतो आणि नव्या गृहसंकुलाचाही असतो. गावाचा संघ संकुलवाल्यांना सोपा म्हणतो, कारण ती ‘बिल्डिंगची पोरं’. संकुलवाले वाडीवरून अनवाणी आलेल्यांना सोपं म्हणतात, कारण त्यांच्या अंगावर एकसारखी जर्सी नाही. दोघांनीही समोरच्याला खेळताना पाहिलेलं नसतं. टेनिस क्रिकेटमध्ये बूट आणि जर्सी यावरून यॉर्करचा अंदाज बांधता येत नाही, हे साधारण दुसऱ्या षटकात कळतं. सामना सहा किंवा आठ षटकांचा असेल, तर तोवर बराच उशीर झालेला असतो.

या धक्कादायक निकालांचं खापर आपण सवयीने गर्वावर फोडतो. गर्व असतोच, पण खेळाचं गणित त्याच्या आधी पाहायला हवं; कारण बलाढ्याचा पराभव काही वेळा कुणाचीही चूक नसताना होतो.

समजा, एखाद्या कमकुवत संघाची बलाढ्य संघाविरुद्ध एक डाव जिंकण्याची शक्यता शंभरात चाळीस आहे. एकाच डावावर निकाल लावला तर ती ४० टक्केच राहील. तीन डावांत दोन जिंकायचे असतील तर ती ३५ टक्क्यांवर येते, पाचांत तीन जिंकायचे असतील तर ३२च्या आसपास आणि सातांत चार असतील तर २९. दोघांचंही कौशल्य तेच आहे, फरक फक्त लांबीचा. खेळ जितका लांब, तितकी नशिबाची बाजू झिजत जाते आणि कौशल्य वर येतं. पाच दिवसांच्या कसोटीत दुबळा संघ एखादं सत्र जिंकतो आणि सामना हरतो. सहा षटकांच्या सामन्यात एका संघाच्या वाट्याला ३६ चेंडू येतात. त्यातल्या एका षटकात कुणा अनोळखी पोराच्या बॅटला तीन षटकार लागले की सामना फिरतो. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात २०२४च्या मार्चमध्ये टेनिस चेंडूची व्यावसायिक लीग सुरू झाली, तीही दहा षटकांची ठेवली गेली. छोट्या लांबीच्या खेळात करमणूक जास्त असते ती याच अनिश्चिततेमुळे.

बाद पद्धतीच्या स्पर्धेचा हिशेब आणखी कठोर आहे. सोळा संघांच्या स्पर्धेत चषकासाठी सलग चार सामने जिंकावे लागतात. एखादा संघ इतका भारी आहे, की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ८० टक्के आहे, असं धरू. चारही सामने जिंकण्याची त्याची शक्यता निघते ४१ टक्के. बत्तीस संघ असतील तर सामने पाच होतात आणि शक्यता ३३ टक्क्यांच्या खाली जाते. म्हणजे मैदानावरचा निर्विवाद सर्वोत्तम संघ चषक न जिंकण्याचीच शक्यता जास्त. ‘त्यांना हरवलं कुणी?’ या प्रश्नाचं उत्तर दर वर्षी वेगळं मिळतं, पण कुणीतरी हरवणार हे जवळपास ठरलेलं असतं.

हा गणिताचा भाग बाजूला काढला, की उरतो तो माणसांचा भाग. तिथे मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बलाढ्याला दुबळ्याबद्दल जी माहिती असते, ती जुनी असते. दुबळ्याला बलाढ्याबद्दल जी असते, ती ताजी असते. आजकाल गल्लीतल्या स्पर्धेचंही यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं. नावाजलेला फलंदाज कोणत्या चेंडूवर पाय काढून मिडविकेटला मारतो, हे वांगणीच्या पलीकडच्या पाड्यावरचा गोलंदाज फोनवर शंभर वेळा पाहून आलेला असतो. त्या गोलंदाजाचा मात्र एकही व्हिडिओ कुठे नसतो.

हे सगळ्यात ठळकपणे घडलं ते कबड्डीत. ठाणे-रायगडच्या गावांना कबड्डी शिकवावी लागत नाही, असं इथले लोक मानतात, आणि भारतालाही तसंच वाटत होतं. आशियाई क्रीडा स्पर्धेत १९९० मध्ये कबड्डी आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत झालेल्या सातही स्पर्धांत पुरुषांचं सुवर्णपदक भारताने जिंकलं. महिलांची कबड्डी २०१० मध्ये आली. त्या वर्षीचं आणि २०१४चंही सुवर्ण भारतालाच. अशा यादीकडे पाहून कुणालाही वाटेल, की आठवं पदक फक्त जाऊन घेऊन यायचं आहे.

यादीच्या आत डोकावलं असतं तर वेगळं काही दिसलं असतं. २०१४च्या इंचॉनमधल्या अंतिम सामन्यात भारताने इराणला हरवलं, पण २७-२५ असं, म्हणजे दोन गुणांनी. २०१६ मध्ये अहमदाबादला झालेल्या विश्वचषकाच्या सलामीलाच दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ असं हरवलं. भारताने पुढे तो विश्वचषक जिंकला आणि विजयाच्या जल्लोषात सलामीचा सामना विसरला गेला. इशारे असे असतात: काठावरच्या विजयाच्या रूपात आले तर कुणी वाचत नाही, पराभवाच्या रूपात आले तरी पुढच्या विजयात विसरले जातात.

दरम्यान, २०१४ पासून प्रो कबड्डी लीग सुरू झाली होती. परदेशी खेळाडू भारतात येऊन महिनोन्‌महिने भारतीय खेळाडूंबरोबर राहू, जेवू, सराव करू लागले. इराणचा फजल अत्राचली २०१५ मध्ये यू मुंबाकडून खेळला आणि त्या मोसमात यू मुंबा विजेता ठरला. डाव्या कोपऱ्यात उभं राहून चढाईपटूचा घोटा धरणाऱ्या या पठ्ठ्याला इथल्या पोरांनी आपला मानला. २०१८च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यासाठी एक कोटी रुपये मोजले. दक्षिण कोरियाचा जँग कुन ली बंगालच्या संघातून खेळून भारतीय चाहत्यांचा लाडका झाला होता. या लोकांना भारताच्या प्रत्येक चढाईपटूची उडी कुठून सुटते, बोनससाठी तो कोणता पाय टाकतो, तिसऱ्या चढाईला, म्हणजे गुण घ्यावाच लागतो तेव्हा, तो कोणत्या बाजूला धावतो, हे जवळून माहीत झालं होतं. आपण त्यांना पाहत होतो ते लीगमधले रंगतदार परदेशी पाहुणे म्हणून. उद्याचे प्रतिस्पर्धी म्हणून फार थोड्यांनी पाहिलं असावं.

ऑगस्ट २०१८, जकार्ता. साखळी सामन्यात दक्षिण कोरियाने भारताच्या पुरुष संघाला २४-२३ असं हरवलं. आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुषांचा हा पहिलाच पराभव होता. उपांत्य फेरीत इराण समोर आला. इराणचा कर्णधार होता फजल अत्राचली. भारतीय संघात प्रो कबड्डी गाजवलेली नावं होती. आपल्या ठाणे जिल्ह्यातला बचावपटू गिरीश इर्नाक आणि मुंबईचा चढाईपटू रिशांक देवाडिगाही होते. निकाल लागला २७-१८, इराणच्या बाजूने. पुढे इराणने कोरियाला हरवून सुवर्ण घेतलं आणि भारताच्या वाट्याला कांस्य आलं. त्या इराणी संघाचे प्रशिक्षक गुलामरझा माझंदरानी आणि कर्णधार फजल दोघंही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वरळीच्या यू मुंबाबरोबर होते. ज्यांनी भारताला हरवलं त्यांच्याच नावाने मुंबईकर पुन्हा टाळ्या वाजवत होते. खेळात असंच असावं, असं मला वाटतं.

महिलांची गोष्ट तर आणखी घरातली. पुरुषांच्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी भारताच्या महिला अंतिम फेरीत इराणसमोर उभ्या राहिल्या. भारतीय संघात पुण्याची सायली केरीपाळे आणि मुंबईची सोनाली शिंगटे या महाराष्ट्राच्या खेळाडू होत्या. आणि इराणच्या बाजूला प्रशिक्षक म्हणून बसल्या होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आयुष्यभर महाराष्ट्रात मुलींना कबड्डी शिकवलेल्या या बाईंना भारतीय संघाची जबाबदारी कधी मिळाली नव्हती. इराणने बोलावलं तेव्हा त्या गेल्या, कामापुरती फारसी शिकल्या, मुलींच्या सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. जैनबाई भारतीय कबड्डी पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. ज्या मातीत ती वाढली तिथेच त्या वाढल्या होत्या. भारतीय मुलींना इराणच्या खेळाडूंबद्दल जेवढं ठाऊक असेल, त्याच्या कितीतरी पट जैनबाईंना भारतीय खेळाबद्दल ठाऊक होतं. सामना २७-२४ असा इराणने जिंकला.

त्या दोन दिवसांत भारतात जे लिहिलं गेलं त्यात ‘अतिआत्मविश्वास’ हा शब्द भरपूर होता. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मनात नम्रता ठेवून खेळले असते तरी फजलला तुमचा पाय कुठे पडणार हे माहीतच होतं.

कबड्डीच्या नियमांतही दुबळ्याला धार देणारी एक तरतूद आहे. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी चढाईपटूची पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. याला सुपर टॅकल म्हणतात. संघ सहा-सात जणांचा भरलेला असताना चढाईपटू सावध असतो. समोर तीनच उरले की त्याला लोण दिसू लागतो, म्हणजे सगळे बाद करून मिळणारे जादा दोन गुण, आणि तो मध्यरेषेपासून नको तितका आत जातो. जुने जाणते खेळाडू सांगतात की तीन जणांचा संघ सात जणांच्या संघापेक्षा भयंकर. कारण त्या तिघांना गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं आणि मिळणार असतं दुप्पट.

याच धाग्यावर एक मानसशास्त्रीय सिद्धान्त आहे, तो खेळाडूंपेक्षा प्रशिक्षकांनी वाचावा असा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९८०च्या दशकात मांडलं, की माणूस एखाद्या कामात किती जोर लावतो हे त्या कामाच्या महत्त्वावर थेट ठरत नाही. काम किती अवघड वाटतं त्यावर ठरतं. शरीर काटकसरी असतं. सोप्या कामाला ते कमी शक्ती काढतं, अवघड वाटलं की जास्त काढतं, आणि काम अशक्य वाटलं की एकदम हात आखडतं. हे हृदयाच्या ठोक्यांत आणि रक्तदाबातही मोजता येतं. म्हणजे समोरचा संघ सोपा आहे असं एकदा मनात बसलं, की खेळाडू आळशी नसला तरी त्याचं शरीर कमी तयारीने मैदानात उतरतं. टॉसआधी कोंडाळं करून ‘कुणाला हलक्यात घ्यायचं नाय’ असं ओरडून ही तयारी वाढत नाही. ओरडणाऱ्यालाही ते खरं वाटत नसतं.

सिद्धान्ताची दुसरी बाजू तितकीच कामाची. दुबळ्या संघालाही सामना अशक्य वाटला तर तो लवकर सोडून देतो. म्हणून बलाढ्य संघाकडे सुरुवातीची काही मिनिटं असतात, ज्यात समोरच्याची आशा मोडता येते. ती मिनिटं बलाढ्याने निवांत घालवली, पहिल्या दहा मिनिटांत गुण ५-५ राहिले, की समोरच्यांना काम अवघड पण शक्य वाटू लागतं. जोर सगळ्यात जास्त निघतो तो याच अवस्थेत. तेव्हापासून मैदानावर एक संघ अर्ध्या ताकदीने आणि दुसरा पूर्ण ताकदीने खेळत असतो. समजदार प्रशिक्षक म्हणूनच प्रतिस्पर्ध्याची भीती घालण्याच्या भानगडीत पडत नाहीत, ते आपल्याच खेळाडूंना अवघड काम नेमून देतात: पहिल्या पाच मिनिटांत एक लोण द्यायचा, पहिल्या दोन षटकांत एकही वाइड नको. समोर कोण आहे हा प्रश्नच मग मागे पडतो.

आता मुंबईकडे. बदलापूर-अंबरनाथहून पहाटेची लोकल धरून खांद्यावर किट अडकवून आझाद मैदानाकडे जाणाऱ्या पोरांच्या डोळ्यांसमोर असतो तो मुंबईचा रणजी संघ. पालघरहून शार्दूल ठाकूर असाच लोकलने ये-जा करत मोठा झाला, कल्याणच्या तुषार देशपांडेनेही हीच दिशा धरली. डिसेंबर २०१४ मध्ये वानखेडेवर या संघासमोर जम्मू-काश्मीर आला. मुंबईकडे तेव्हा ४० रणजी विजेतेपदं होती, समोरच्याकडे एकही नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या पुरात श्रीनगरचं स्टेडियम पाण्याखाली गेलं होतं आणि त्या संघाला धड सरावही मिळालेला नव्हता. परवेझ रसूलच्या नेतृत्वाखालच्या या संघाने पहिल्या डावात मुंबईच्या २३६ धावांना २५४ने उत्तर दिलं आणि चौथ्या डावात २३७ धावांचं लक्ष्य सहा गडी गमावून गाठलं. शुभम खजुरिया नावाच्या कोवळ्या सलामीवीराने १०७ आणि ७८ धावा केल्या. मुंबईत हा निकाल अपघात म्हणून खात्यात टाकला गेला.

दहा वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर तोच सामना पुन्हा लागला. या वेळी मुंबई गतविजेती होती. भारतीय संघातल्या बड्या खेळाडूंनी देशांतर्गत क्रिकेट खेळावं, असा क्रिकेट मंडळाचा आग्रह होता, त्यामुळे रोहित शर्मा बऱ्याच वर्षांनी रणजीत उतरला. यशस्वी जैस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर अशी फळी. त्या मोसमात सलामीला खेळणाऱ्या विरारच्या आयुष म्हात्रेला जागा मोकळी करावी लागली. नावांची यादी वाचली तर हा सामना खेळवायची गरजही वाटू नये.

मुंबई १२० धावांत गारद झाली. पुलवामाचा उंचापुरा उमर नझीर मीर आणि युद्धवीर सिंग यांनी प्रत्येकी चार बळी घेतले. रोहित ३, जैस्वाल ४, रहाणे १२, अय्यर ११, दुबे ०. रोहितला बाद केल्यावर उमरने जल्लोष केला नाही. आपण त्याचे चाहते आहोत, असं त्याने नंतर सांगितलं. मला या सामन्यातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. चाहता म्हणजे ज्याने तुम्हाला वर्षानुवर्षं टीव्हीवर पाहिलंय असा माणूस. रोहितचा पुल, त्याचा पहिल्या काही षटकांतला पायांचा जडपणा, सारं काही उमरच्या नजरेखालून गेलेलं. मुंबईच्या किती फलंदाजांनी उमरची शेवटची दहा षटकं पाहिली असतील?

दुसऱ्या डावात शार्दूलने ११९ आणि तनुष कोटियनने ६२ धावा करून संघाला २९० पर्यंत नेलं, तरी २०५ धावांचं लक्ष्य जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून तिसऱ्याच दिवशी पार केलं. पाहुण्यांकडून सलामीला येऊन ५३ आणि ४५ धावा करणारा फलंदाज होता शुभम खजुरिया. तोच, वानखेडेवरचा. दहा वर्षांत तो मुंबईविरुद्ध कसं खेळायचं हे विसरला नव्हता. मुंबईच्या आठवणीत तो कितपत होता, हे धावफलकावरून ताडता येतं.

ही जुन्या माहितीची अडचण एका खेळाने आकड्यांत बसवून ठेवली आहे: बुद्धिबळाने. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाड एलो यांनी खेळाडूचं बळ मोजायची पद्धत बसवली आणि जागतिक महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या गुणांकांत २०० गुणांचं अंतर असेल, तर वरच्याला सरासरी शंभरातले ७६ गुण मिळावेत, खालच्याला २४. अंतर ४०० असेल तर ९१ आणि ९. पद्धत प्रामाणिक आहे, कारण ‘सोप्या’ प्रतिस्पर्ध्यालाही ती शून्य देत नाही. पण तिच्यातही एक पळवाट आहे. गुणांक सांगतो ते कालपर्यंतच्या निकालांवरून, आणि लहान मूल आज कालच्यापेक्षा जोरात असतं. महासंघालाही हे ठाऊक आहे, म्हणून १८ वर्षांखालच्या आणि २३०० पेक्षा कमी गुणांकाच्या खेळाडूंचा आकडा मोठ्यांच्या दुप्पट वेगाने हलू दिला जातो. तरीही करोनाच्या काळात स्पर्धा बंद आणि घरोघरी ऑनलाइन सराव चालू, असं झाल्यावर मुलांचं बळ आणि त्यांचे आकडे यांचा मेळच सुटला. मार्च २०२४ मध्ये महासंघाने २००० पेक्षा कमी गुणांक असलेल्यांचे आकडे एकदम वर उचलले. १००० होता त्याचा १४०० झाला, १५०० होता त्याचा १७००.

ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही खुल्या रॅपिड स्पर्धेला जाऊन बघा. बँकेतून निवृत्त झालेले, तीस वर्षं क्लबात खेळलेले काका पहिल्या फेरीत जोडीची यादी वाचतात. समोर इयत्ता चौथी, गुणांक नाही. आईने डबा आणलाय. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू साधारण विसाव्या खेळीपर्यंत टिकतं. अलीकडे मात्र अनुभवी मंडळी शहाणी झाली आहेत. बिनगुणांकाचं पोर समोर आलं की ती आधी विचारतात, ‘बाळा, कुठल्या सरांकडे शिकतोस?’

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीमध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा ती १९ वर्षांची होती आणि स्पर्धेत तिला पंधरावं मानांकन होतं. वाटेत तिने दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनर, हरिका द्रोणवल्ली आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना बाहेर काढलं आणि अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला रॅपिडच्या डावांत हरवलं. त्या एका विजेतेपदाने ती थेट ग्रँडमास्टर झाली. पंधरावं मानांकन हे तिच्या आदल्या वर्षांचं मोजमाप होतं. शिवाय बाद पद्धत, छोटे सामने, बरोबरी झाली की झटपट डाव; सोळा संघांच्या चषकाचं जे गणित, तेच इथेही.

मातीतल्या कुस्तीने या प्रश्नावर फार पूर्वी स्वतःचा तोडगा काढला होता. जत्रेच्या फडावर मानांकन नसतं, जोड लावावी लागते. जोड लावणारा जाणता वस्ताद पैलवानाचं गाव आणि तालीम विचारतो, पण त्याआधी त्याची मान बघतो, मनगट बघतो आणि कान बघतो. मोडून गोळा झालेला कान म्हणजे कितीतरी वर्षांची मेहनत, ती नावात लिहिलेली नसते. खाशाबा जाधवांची चण लहान होती. त्यांच्याकडे पाहून कुणाला ऑलिंपिक पदक दिसलं नसतं. १९४८ला लंडनमध्ये ते सहावे आले, गादीवरची कुस्ती जवळपास नवी असताना. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे जमवताना त्यांना दारोदार फिरावं लागलं, आणि तिथून ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांना हलक्यात घेणारे परदेशी कमी आणि घरचेच जास्त होते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

एकदा धक्का दिला की दुबळ्याचं शस्त्र बोथट होतं, हेही खरं. इराणच्या पुरुषांना आता कुणी पाहुणे समजत नाही. २०२३च्या हांगझोऊ स्पर्धेत भारताने सुवर्ण परत मिळवलं ते ३३-२९ असं, वादावादीत सामना बराच वेळ थांबल्यानंतर. महिलांच्या अंतिम सामन्यात तर नवाच संघ समोर होता, चायनीज तैपेई. साखळीत त्यांनी भारताला ३४-३४ असं बरोबरीत रोखलं होतं, त्यामुळे या वेळी इशारा वेळेवर वाचला गेला. तरी अंतिम सामना सुटला तो एका गुणाने, २६-२५.

आणि मुंबईला हरवून गेलेला जम्मू-काश्मीरचा संघ? तो त्याच मोसमात उपांत्यपूर्व सामन्यासाठी पुन्हा महाराष्ट्रात आला, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर. समोर केरळ, ज्याने तोवर कधीच रणजीचा अंतिम सामना खेळला नव्हता. जम्मू-काश्मीरच्या पहिल्या डावात २८० धावा झाल्या. आकिब नबीने सहा बळी घेत केरळला ९ बाद २०० असं आणून ठेवलं. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातली आघाडी निर्णायक ठरते, आणि ८० धावांची ती आघाडी एका चेंडूच्या अंतरावर होती. अशा वेळी कर्णधार सहसा जमलेल्या फलंदाजासाठी क्षेत्ररक्षण पांगवतो, त्याला एकेरी धाव घेऊ देतो आणि शेवटच्या गड्यावर तुटून पडतो. शेवटचा गडी कितीसा टिकणार, असा त्यामागचा हिशेब. सलमान निझार एका टोकाला उभा होता, दुसऱ्या टोकाला गोलंदाज बासिल थम्पी आला. दोघांनी ८१ धावा जोडल्या आणि केरळ २८१ वर सर्वबाद झाला. पुढे जम्मू-काश्मीरने कर्णधार पारस डोगराच्या शतकाच्या जोरावर ३९९ वर डाव सोडला, केरळने शेवटच्या दिवशी चिवटपणे सामना वाचवला आणि एका धावेच्या आघाडीवर उपांत्य फेरी गाठली. सलमानने नाबाद ११२ केल्या. थम्पीच्या धावा होत्या १५.